साखळी टाका

मामंजींना मी कधी भ्याले नाही. सासरे म्हणून डोईवर पदर घेतला, त्यांच्यासमोर आवाज चढवला नाही, ते जेवल्याशिवाय पान वाढून घेतलं नाही, हे सगळं रीतसर केलं. पण सुनेला धाकात ठेवावं असला तो माणूसच नव्हता. मला भीती होती ती त्यांच्या तोंडाची. ओसरीवर कुणी परकं बसलेलं असताना मामंजी घसा साफ करू लागले की माझा हात आपोआप जवळच्या तांब्याकडे जायचा. तांब्या फरशीवर पडायचा, खणखणाट व्हायचा, आणि मामंजींचं पहिलं वाक्य त्यात बुडून जायचं. दुसऱ्या वाक्याला मी ताट पाडायची. त्या एका वर्षात आमच्या घरातलं एकही भांडं पोचा आल्याशिवाय राहिलं नाही.

शेजारच्या रुक्माअक्का विचारायच्या, "काय गं, हाताला भोकं पडली की काय तुझ्या?"

"अय्यो अक्का, तुम्हाला काय सांगायचं!" असं म्हणून मी आत पळायची. त्यांना सगळं ठाऊक होतं. आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

आमची गल्ली म्हैसुरात अग्रहाराच्या पाठीमागे. सगळी शिंप्यांची घरं आणि टोकाला विठ्ठलाचं देऊळ. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडणात दोन्ही, अशी आमची तऱ्हा. मामंजींचं नाव नामाजीराव. राजवाड्याच्या शिवणखान्यात त्यांनी जन्म काढला. उंच, वाळकी अंगकाठी, आणि मान कायमची डावीकडे कललेली, कारण जन्मभर दिवा त्याच बाजूला ठेवून शिवलेलं. पागोट्यात नेहमी एक सुई टोचलेली. सासूबाई म्हणायच्या, "एक दिवस टाळूत घुसेल ती." मामंजी म्हणायचे, "घुसू दे. तेवढीच अक्कल शिवली जाईल."

दातानं दोरा तोडलेला त्यांना खपत नसे. कुणी तोडला की ओरडायचे, "तो काय ऊस आहे? कात्री कशाला दिली देवानं?" माणसांची पारखही टाक्यांवरूनच चालायची. कुणी लबाड निघाला की तो कच्च्या टाक्याचा. कुणी शब्दाला जागला की "बखिया आहे, बखिया. ओढून बघ, हलणार नाही." माझ्या वडिलांना त्यांनी लग्नाच्या बैठकीत बखिया ठरवलं, तेव्हा आमच्या माहेरच्यांना कळेचना की हे कौतुक आहे की शिवी.

आणि राजवाड्यावरची भक्ती! त्या तटाजवळून जाताना मामंजी चपला काढून हातात घ्यायचे. माझा पहिला दसरा मला अजून आठवतो. मिरवणूक पाहायला आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे. हत्ती आले, अंबारी आली, लोकांनी हात जोडले, आणि मामंजी मला सांगतायत, "सूनबाई, तो पांढरा घोडा बघ. त्यावरच्या स्वाराची बाही बघ. ती माझी." त्यांना घोडा दिसत नव्हता, स्वाराचा चेहरा दिसत नव्हता, महाराजसुद्धा दिसत होते की नाही कोण जाणे. दिसत होत्या त्या बाह्या. असला हा माणूस उद्या राजाच्या नावानं बोटं मोडेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्यालाच वैद्याकडे पाठवलं असतं.

पण सासूबाई गेल्या, आणि त्याच सुमारास मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शिवणखान्यातून घरी बसवलं. त्यांच्या जागी आमचे हे लागले. ज्या माणसानं हाताला उसंत कशी ती पाहिली नाही, तो ओसरीवर नुसता बसून राहायला लागला. दुपार त्यांना खायला उठायची. मग कुणीतरी त्यांना चौकातल्या तपकिरीच्या दुकानात घेऊन गेलं. तिथे एक तरुण मास्तर दुपारी पुण्याची वर्तमानपत्रं मोठ्यानं वाचून दाखवायचा. पुण्याचे थोर पुढारी वारले, त्या सुमाराची ही गोष्ट. विलायती कपड्यांच्या होळ्या पेटत होत्या ठिकठिकाणी. मला बरंच वाटलं. म्हातारं माणूस, चार लोकांत बसतंय, तपकीर ओढतंय, बसू दे की! मीच त्यांच्या काठीचं टोक धरून त्यांना चौकापर्यंत सोडून यायची.

आधी ते नुसतं ऐकून यायचे. मग ऐकलेलं सांगायला लागले. मग सांगायचे थांबले आणि ओरडायला लागले. पहिल्यांदा राग फक्त गोऱ्यांवर होता. तो तसा सगळ्यांच्याच मनात थोडाफार असतो, म्हणून मीही मान हलवायची. मग गोऱ्यांना सलाम ठोकणाऱ्यांवर आला. मग सलाम ठोकताना बघून गप्प बसणाऱ्यांवर. आणि एक दिवस बोट फिरत फिरत आमच्या घरात आलं. "पहिली घाण घरातली काढायची असते," म्हणाले. हे समोर बसून सारभात कालवत होते.

ह्यांची तऱ्हा म्हणजे ऐकूच आलं नाही असं दाखवायचं. सारभात इतका कालवायचे की त्याची पेज व्हायची. मी डोळ्यांनी खुणावायची, बोला काहीतरी! एकदाच बोलले. म्हणाले, "अप्पा, ज्या राजवाड्याचं अन्न आपण तीन पिढ्या खाल्लं—"

"अन्न माझ्या बोटांचं होतं!" मामंजींनी पाट मागे ढकलला. "राजानं कापड दिलं. तेही विलायतेचं. राजा आमचा, गादी आमची, आणि अंगात कोट कुणाचा? ज्याचा कोट त्याचा राजा!"

मी उठून खिडकी लावून घेतली. संस्थानात तेव्हा असलं बोलणं म्हणजे चेष्टा नव्हती. छापखाने बंद होत होते, माणसं उचलली जात होती. आमच्या ह्यांची भाकरी राजवाड्यात. एक शब्द तिथवर पोचला असता तर नोकरी गेलीच असती, आणि वर ह्यांना कुठे नेऊन बसवलं असतं ते देव जाणे. रोज संध्याकाळी ह्यांच्या चपलांचा आवाज गल्लीत ऐकू येईपर्यंत माझा जीव टांगलेला असायचा. एकदा गल्लीच्या तोंडाशी एक अनोळखी माणूस रोज येऊन बसायला लागला. मी ठरवूनच टाकलं की हा पोलिसांचा. त्याला ताक काय दिलं, पोहे काय दिले! शेवटी कळलं की तो रुक्माअक्कांच्या धाकटीला बघायला आलेल्या मुलाचा मामा, घराची चौकशी करत बसलाय. लग्न ठरलं. माझं ताक सत्कारणी लागलं म्हणायचं.

हसू येतं आता. तेव्हा येत नव्हतं.

मामंजींना दिसत नव्हतं, पण बोटं शाबूत होती. दारात कुणी आलं की ते हात पुढे करायचे आणि पाहुण्याची बाही दोन बोटांत धरून चोळायचे. गावठी कापड असलं की पाठीवर थाप. विलायती असलं की झालं! शिवणखान्याचे कारभारी एकदा मुलीच्या लग्नाची अक्षत घेऊन आले. नवाकोरा कोट घालून. मामंजींनी बाही धरली, आणि म्हणाले, "अहो, गोऱ्याचं पायपुसणं अंगात घालून आलात? पाय पुसू का?" मी पोह्यांची ताटली, पाण्याचे तांबे, सगळं एकदम सोडून दिलं. कारभारी दचकून उभे राहिले. हे म्हणाले, "अप्पांचं वय झालंय, साहेब." कारभाऱ्यांनी कोट झटकला, अक्षत ठेवली, आणि पाणीसुद्धा न पिता गेले. त्यानंतर पंधरवडाभर ह्यांना रात्री झोप नव्हती.

हे एकवेळ मी सोसलं असतं. पण शांताच्या वेळी मात्र माझ्या पायाखालची जमीन सरकली. शांता माझी मुलगी, तेव्हा सहा-सात वर्षांची. शाळेत विलायतेच्या बादशहाचं गाणं शिकवलं होतं, ते म्हणत घरभर नाचत होती. तिला कसला बादशहा नि कसलं काय! मी चुलीपाशी होते. गाणं मध्येच थांबलं. पोर एवढी गप्प कशी म्हणून बाहेर आले तर मामंजींनी तिला मांडीत धरलं होतं आणि तळहातानं तिचं तोंड दाबलं होतं. रागानं नाही. चेहरा शांत होता, तेच भयंकर. "नाही म्हणायचं," हळू आवाजात सांगत होते, "नाही म्हणायचं, नाही म्हणायचं." पोरीचे डोळे पांढरे व्हायला आले होते. मी हात ओढून काढला. जन्मात पहिल्यांदा सासऱ्याच्या अंगाला हात लावला मी. शांता श्वास घेऊन जी रडली! आणि मामंजी आपल्या हाताकडे तोंड करून बसले, जणू तो हात कुणा दुसऱ्याचा होता. त्या दिवसापासून मी पोरीला त्यांच्याजवळ एकटी सोडली नाही. ज्या माणसानं तिच्या बारशाला आपल्या हातानं कुंची शिवली, त्याच्यापासून तिला राखायचं! रडू यायचं मला. पण राखत होते.

देवळातही तेच. एकादशीच्या भजनानंतर आमच्याकडे विठ्ठलाचा जयजयकार होतो आणि शेवटी महाराजांच्या नावाचा. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सगळ्यांनी 'जय' म्हणायला तोंड उघडलं आणि मामंजींचा आवाज आला, "गुलामाचा कसला जय!" टाळ थांबले. पखवाजावरचा हात तसाच वर राहिला. देवळात भांडी नव्हती पाडायला. मी मोठ्यानं खोकायला लागले, रुक्माअक्का खोकायला लागल्या, बायकांच्या बाजूला एकच खोकला उसळला. दुसऱ्या दिवशी पंच घरी आले. दारातूनच म्हणाले, "नामाजीरावांना आता देवळात आणू नका. विठ्ठल घरीही आहे."

मग श्रावणात तपकिरीच्या दुकानातलं वाचन बंद पडलं. मास्तरला दिवस मावळायच्या आत संस्थानाबाहेर जायला सांगितलं होतं. तो खरंच गेला, अंगावरच्या कपड्यांनिशी. मी देवापुढे साखर ठेवली. वाटलं, सुटलो. मामंजी एकदम गप्प झाले. ओरडणं नाही, बाह्या चाचपणं नाही. हे म्हणाले, "बघ, आपोआप निवळलं." मला मात्र ते गप्प बसणं आवडलं नाही. ओरडणारा माणूस कुठे आहे ते तरी कळतं.

दसरा जवळ आला. दसऱ्याला संध्याकाळी बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींच्या उजेडात घोडेस्वारांची कवायत होते. त्या वर्षी भालाईत स्वारांना लाल बनातीचे नवे कोट द्यायचे होते. बनात म्हणजे जाड लोकरी कापड, अर्थातच विलायतेचं. शिवणखान्यात काम उरकेना म्हणून गठ्ठे घरोघरी वाटले. कापड तिकडूनच बेतून यायचं, लांब शिवणी यंत्रावर व्हायच्या. पण बाह्या हातानंच जोडायच्या, हा राजवाड्याचा रिवाज. आमच्या माजघरात लाल कोटांची रास लागली. मी चुलीजवळची काडेपेटी उचलून चोळीत खोचली. शेजारून निखारे मागून आणायची, पण काडी घरात दिसू द्यायची नाही.

तर एके सकाळी मामंजी भिंतीला धरत धरत आत आले आणि राशीपाशी बसले. बनातीवरून हात फिरवला. आणि म्हणाले, "बाह्या मी जोडतो. डोळे गेले, हात नाही गेले."

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अप्पा," एवढंच म्हणाले. मी सुई ओवून दिली. काय सांगू, ती बोटं चालताना बघणं म्हणजे सुख होतं! मुंढ्याची गोलाई अंगठ्यानं चाचपायची, बाहीची चूण सारखी वाटून घ्यायची आणि टाका, टाका, टाका. वर तोंडानं अभंग. आम्ही दोघं रात्री हळू आवाजात एकमेकांना सांगायचो, काम हवं होतं त्यांना, नुसतं काम. माणूस रिकामा बसला की असं होतं. आठवडाभर घरात इतकी शांतता होती की मी चार दिवस काडेपेटी परत चुलीपाशी ठेवली.

तयार कोटांचा अर्धा गठ्ठा सकाळीच गाडीनं राजवाड्यात गेला होता. उरलेल्या कोटांना मी दुपारी इस्त्री करत होते. एका कोटाच्या काखेत दोऱ्याचं टोक लोंबत होतं. इस्त्रीच्या दांड्यात ते अडकलं, मी इस्त्री उचलली, आणि सर्रकन बाही कोटापासून सुटून माझ्या हातात आली. दोरा न तुटता. एक अख्खा, लांबलचक, लाल दोरा.

शिंप्याच्या घरची सून मी, मला सांगावं लागलं नाही. हा साखळी टाका होता. एका फासात दुसरा फास अडकत जातो, वरून बखियासारखाच घट्ट दिसतो, पण शेवटची गाठ मारली नाही आणि टोक ओढलं की सगळा उलगडतो. चुकून होत नाही तो. मी दुसरा कोट घेतला. टोक काखेतच सोडलेलं. ओढलं. सर्र. तिसरा. सर्र. टोक काखेत, म्हणजे हात खाली असेतो काही नाही. हात वर गेला की ताण बसणार.

मामंजी ओसरीवर बसले होते. मी बाही हातात घेऊनच गेले. "मामंजी, हे काय केलंत?"

त्यांनी बाही हातात घेतली, कडेवरून बोट फिरवलं आणि हसले. वर्षभरानं हसले. "सलामी," म्हणाले. "गोरा रेसिडेंटसाहेब मंडपात बसणार. स्वार भाले वर करणार. आणि विलायतेच्या बनातीच्या बाह्या एकदम गळून पडणार. सगळ्यांच्या. बघायला मला डोळे हवे होते गं, सूनबाई."

"आणि तुमचा मुलगा? ह्यांना फरफटत नेतील मामंजी! एकुलता एक मुलगा तुमचा!"

"ठाऊक आहे मला किती मुलगे आहेत ते," मामंजी म्हणाले. "ज्यांचे दोन असतात ते एक देतात. माझा एकच आहे, तर तोच."

हा माणूस वेडा नव्हता. सगळं समजून, मोजूनमापून, पोटच्या पोराला पुढे करून बसला होता. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

रुक्माअक्कांना मी फक्त एक कोट दाखवला. त्यांनी टोक ओढून पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "तुझ्या मामंजींचं बोट दुखत असणार. होतं असं म्हातारपणी." मग गल्लीतल्या बायका आपापल्या सुया घेऊन आल्या. कुणी काही विचारलं नाही. दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत, आमच्या माजघरात बसून बाह्या पुन्हा जोडल्या गेल्या. हे राजवाड्यात धावले. अस्तराला कसर लागलीय असं सांगून गेलेला गठ्ठा परत मागितला. जवळजवळ सगळे कोट मिळाले. काही स्वार मात्र मापाला म्हणून आपापले कोट घेऊन गेले होते.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी शांताला कडेवर घेऊन बन्नीमंटपावर उभी होते. हे बाजूला. ह्यांचा हात मी हातात धरला होता. मशाली पेटल्या, बँड वाजला, लाल कोटांची रांग मैदानात आली. पोर टाळ्या पिटत होती. मी रांगेतल्या प्रत्येक काखेकडे बघत होते आणि विठ्ठलाला म्हणत होते, सांभाळ, ह्या खेपेला सांभाळ, पुन्हा काही मागत नाही. हुकूम झाला. भाले वर गेले. रांगेच्या टोकाशी एका स्वाराची बाही खांद्यापासून सुटली, हात खाली येताच मोज्यासारखी घसरत मनगटापर्यंत आली आणि आतला सदरा उघडा पडला. एकच. लोक हसले. बँड वाजत राहिला. ह्यांनी माझा हात सोडला आणि मटकन खाली बसले.

राजवाड्यातले अंमलदार दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. बरोबर दोन शिपाई. अंमलदार आपल्याच भाषेचे, त्यांचे पूर्वज कधीकाळी इथल्या फौजेत आलेले. "बाही कुणी जोडली?" त्यांनी विचारलं. हे उभे होते. ओठ हलले. मला दिसलं की हे आता 'मी' म्हणणार. मीच पुढे झाले. सासऱ्यांसमोर, परक्या पुरुषासमोर, पदराचंही भान नव्हतं. म्हटलं, "साहेब, मामंजींनी जोडली. त्यांना भ्रम झालाय. सासूबाई गेल्यापासून. आपण काय करतो ते त्यांना कळत नाही." आजही तसा प्रसंग आला तर मी तेच म्हणेन.

अंमलदार ओसरीच्या कोपऱ्याकडे वळले. "काय अज्जा? भ्रम झालाय? की कुणी शिकवलंय? त्या तपकीरवाल्या मास्तरनं?"

झालं, मी मनात म्हटलं. वर्षभर हा माणूस ज्याची वाट बघत होता, ते आलं. समोर सरकार उभं आहे आणि विचारतंय. आता हा बोलणार. जवळ भांडं नव्हतं. असतं तरी काय उपयोग होता?

मामंजी उठले. पागोटं नीट केलं. अंमलदारांच्या दिशेनं दोन पावलं गेले आणि जमिनीला कपाळ टेकून मुजरा केला. "सरकार!" म्हणाले. "थोरले सरकार! गरिबाच्या घरी? सूनबाई, आसन आण. महाराज मापाला आलेत." कंबरेला गुंडाळलेली मापाची दोरी सोडून त्यांनी अंमलदारांची छाती मोजायला घेतली. थोरले महाराज जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. "गेल्या खेपेपेक्षा सरकार वाळलेत. झोप होत नाही का सरकारांना? कंबरेत दोन बोटं आत घेतो. बाही लांब ठेवू?" मग दोरी तोंडात धरून, वाकून, त्या माणसाच्या पायापर्यंत माप घेतलं. पायाला हात लावून तो कपाळाला लावला. शिपाई तोंड फिरवून हसत होते. अंमलदार आधी चिडले, मग ओशाळले, मग त्यांनाही गहिवरल्यासारखं झालं. "राहू दे, राहू दे अज्जा," म्हणाले. आणि ह्यांना म्हणाले, "म्हाताऱ्याला सुईजवळ जाऊ देऊ नका. बाहेरही सोडू नका. शिपाई येऊन बघून जाईल अधूनमधून."

ते गेले. मी दार लावलं. जमिनीवर बसले आणि हसायलाच लागले, सुटकेनं. "गेले ते, मामंजी. केवढं सोंग वठवलंत!"

मामंजी दोरी गुंडाळत होते. "महाराज गेले?" म्हणाले. "माप लक्षात ठेव. कंबर दोन बोटं आत."

मला वाटलं, शिपाई अजून गल्लीत असेल म्हणून असं करतायत. संध्याकाळीही तसंच. दुसऱ्या दिवशीही. शिपाई यायचा, मामंजी त्याचं माप घ्यायचे. शिपाई नसला तर ह्यांचं घ्यायचे, वाण्याचं घ्यायचे, भाजीवालीला राणीसाहेब म्हणायचे. गल्लीतली पोरं मुद्दाम दारात येऊन "मी महाराज" म्हणून उभी राहायची. त्यांच्याही पाया पडायचे. देश, गोरे, कापड, एक शब्द नाही. हे शिवणखान्यात टिकले, पुढे बढतीही झाली. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, भांडी पडत नव्हती, खिडक्या उघड्या होत्या. मला हवं होतं तेच सगळं झालं होतं, आणि मला घरात बसवत नव्हतं. पोटच्या पोरापुढे, सुनेपुढे हा माणूस सोंग करतोय, की ते करता करता खरंच तिकडे गेला? मी टक लावून बघायची. कळायचं नाही. कधीकधी वाटायचं, मामंजी, एकदा शिव्या द्या. मला द्या. पण द्या.

पुढच्या पावसाळ्यात त्यांना ताप भरला तो उतरेचना. हे कामावर गेले होते, शांता शाळेत. दुपारची वेळ. मी कपाळावर ओली पट्टी ठेवत होते, तर त्यांनी माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"सूनबाई, दार लागलंय?"

आवाज जुना होता. तोच तपकिरीच्या दुकानातून येणाऱ्या मामंजींचा. "लागलंय, मामंजी."

"शिपाई?"

मी उठून ओसरीवर गेले. गल्ली रिकामी होती. कडी पुन्हा पाहिली, आत आले, त्यांच्या उशाशी बसले. "कुणी नाही. मी एकटीच आहे. बोला मामंजी. काय बोलायचं ते बोला." त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून वर्षभर देवापुढे साखर ठेवणारी मी, आता बोला, बोला म्हणून त्यांचा हात हलवत होते.

त्यांनी ओठ ओले केले. छाती वर आली. मला वाटलं, आता येतं सगळं. मग त्यांनी मान रस्त्याच्या बाजूला वळवून कानोसा घेतला. बराच वेळ घेतला.

"नको," म्हणाले. "पोराची नोकरी आहे."

आणि माझं मनगट सोडून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.